ड्रेनेजची लाइन खालून वर टाकायची असते

मागच्या मे महिन्यात आमच्या गेटसमोरचं चेंबर तिसऱ्यांदा तुंबलं. जेटिंगची गाडी बोलावली, दोन तास पाइप घालून प्रेशर मारलं, पाणी थोडं खाली गेलं आणि गाडी जायच्या आत परत वर आलं. कमिटीवर असल्यामुळे मी तिथेच नाकाला ओढणी लावून उभी होते. गाडीवरचे काका, पन्नाशीचे असतील, पहारीने पुढचं झाकण उघडून आत टॉर्च मारत म्हणाले, "ताई, हे कितीबी मारलं तरी उपेग नाय. पुढं लाइनच नाय. चला दावतो."

मग ते मला घेऊन चालत निघाले. आमची गल्ली, पुढचं वळण, पीठगिरणी, तिथून शेताच्या कडेने ओढ्यापर्यंत जेमतेम चारशे पावलं असेल. ओढ्याच्या काठाला सिमेंटचा पाइप बाहेर आला होता, तोंड उघडं, निम्म्यापर्यंत गाळ, त्यावर करंजाची मुळं आत घुसलेली, आणि त्या फटीतून काळं पाणी बारीक धारेने ओढ्यात पडत होतं. आमच्यासकट सात-आठ सोसायट्यांचं हे पाणी. दर महिन्याला मेंटेनन्समध्ये ड्रेनेजचे म्हणून आम्ही पैसे भरतो, ब्रोशरमध्ये 'ड्रेनेज कनेक्शन' असं छापलेलं होतं, आणि ते कनेक्शन म्हणजे हा पाइप. ग्रामपंचायतीच्या काळात कुणीतरी कुठल्यातरी निधीतून गल्ली-गल्लीत लाइन टाकली, पुढे ती जोडायला काही नव्हतं म्हणून ओढ्यापाशी सोडून दिली.

तेव्हापासून या विषयात मी जितकी घुसले तितकं मला एकच दिसत गेलं. ड्रेनेजची लाइन खालून वर टाकायची असते. म्हणजे आधी मैलाशुद्धीकरण केंद्राची जागा, मग तिथून ओढ्याच्या काठाकाठाने वर येणारी मुख्य मोठी लाइन, मग तिला येऊन मिळणाऱ्या फाट्याच्या लाइनी, आणि सगळ्यात शेवटी तुमच्या-माझ्या गल्लीतलं चेंबर. आपल्या उपनगरांत हे बरोबर उलटं होतं, आधी बिल्डिंग, मग बिल्डिंगसमोरचं चेंबर, मग गल्लीची लाइन, आणि मुख्य लाइन आणि केंद्र हे कधीतरी, मंजूर झालं तर, जागा मिळाली तर. माझं म्हणणं एवढंच आहे की हा क्रम बदलल्याशिवाय कितीही कोटी ओतले तरी उपयोग होणार नाही, आणि क्रम बदलणं हे पैशापेक्षा हट्टाने काय मागायचं याच्याशी जास्त संबंधित आहे.

पुण्याचंच बघा. ऑक्टोबर २०१७ मध्ये ११ गावं महापालिकेत आली, उंड्री, आंबेगाव, धायरीचा उरलेला भाग, लोहगाव वगैरे. मग ३० जून २०२१ ला एकदम २३ गावं, त्यात वाघोली, नऱ्हे, सिंहगड रोडचं नांदेड, किरकटवाडी, खडकवासला, सूस, म्हाळुंगे, मांजरी बुद्रुक, पिसोळी. शहराची हद्द तेव्हा ५०० चौरस किलोमीटरच्या वर गेली. २०१७ ला आलेल्यांतली उरुळी देवाची आणि फुरसुंगी नंतर परत बाहेर काढून त्यांची वेगळी नगरपरिषद केली, तो गोंधळ आणखी वेगळा. मी राहते ते गाव २०२१ च्या यादीतलं.

आता या गावांना 'गावं' म्हणायचं म्हणून म्हणायचं, समाविष्ट व्हायच्या कितीतरी वर्षं आधी इथे बारा-बारा मजली बिल्डिंगी उभ्या होत्या. परवानग्या आधी जिल्हाधिकारी कार्यालयाकडून, २०१५ ला पीएमआरडीए, म्हणजे पुणे महानगर प्रदेश विकास प्राधिकरण, झाल्यावर तिकडून, आणि रस्ता-पाणी-गटार मात्र ग्रामपंचायतीने बघायचं, जिचं सगळं बजेट ते किती. ग्रामपंचायतीला दोष द्यायची मला अजिबात इच्छा होत नाही, तिच्या हातात शोषखड्डा आणि गल्लीतली नऊ इंची लाइन एवढंच होतं. २०२१ ला गावं महापालिकेत आली तरी विकास आराखडा करायचा अधिकार तेव्हा पीएमआरडीएकडेच ठेवला. म्हणजे घाण उचलायची एकाने आणि रस्ता कुठून जाणार हे ठरवायचं दुसऱ्याने. ड्रेनेजची लाइन रस्त्याखालून जाते. रस्ता कागदावर पक्का नसेल तर लाइन कुठून नेणार? वर मार्च २०२२ पासून जवळपास चार वर्षं महापालिकेत नगरसेवकच नव्हते, विचारायचं कुणाला हा प्रश्न होताच.

हे सगळं जरा बाजूला ठेवते कारण मला मुळात पाइपाबद्दल बोलायचंय. पाण्याची लाइन आणि ड्रेनेजची लाइन यातला फरक आपल्याला कुणी शाळेत सांगत नाही. पिण्याचं पाणी प्रेशरने जातं, चढावर चढतं, वळणं घेतं. मैलापाणी उताराने जातं, पाइप पूर्ण भरूनही चालत नाही, वर हवेला जागा लागते. म्हणून पाइपाच्या आतला तळ कुठल्या पातळीला आहे, ज्याला इंजिनिअर लोक इन्व्हर्ट लेव्हल म्हणतात, तो आकडा सगळ्यात महत्त्वाचा. समजा दोनशे मीटरला एक मीटर असा उतार दिला, तर एक किलोमीटर लाइन जाईपर्यंत पाइप पाच मीटर खाली जातो. शेवटच्या टोकाला मुख्य लाइन किती खोल असणार हे माहीतच नसेल तर गल्लीतल्या लाइनीला सुरुवातीला किती खोल घ्यायचं हे कसं ठरवणार? अंदाजाने. आणि अंदाज चुकला की दहा वर्षांनी जेव्हा मुख्य लाइन येते तेव्हा ती असते वर आणि आपली गल्लीची लाइन असते खाली, मग पंपिंग स्टेशन बांधा, त्याला वीज, त्याला जनरेटर, त्याला चोवीस तास माणूस, आणि एका रात्री लाइट गेली की सगळं परत घरात. नाहीतर मग नवीन काँक्रीटचा रस्ता फोडून तीच लाइन पुन्हा टाका. उपनगरात राहणाऱ्या प्रत्येकाने हे खोदकाम बघितलेलं आहे, फक्त ते का होतं हे आपल्याला कुणी सांगितलेलं नसतं.

साइजचंही तसंच. केंद्र सरकारच्या सीपीएचईईओ या पाणी-मलनिस्सारणाच्या तांत्रिक संस्थेचं मॅन्युअल आहे, २०१३ चं, त्याप्रमाणे ड्रेनेजची लाइन पुढच्या ३० वर्षांची लोकसंख्या धरून टाकायची. माणशी दिवसाला १३५ लिटर पाणी धरायचं, त्यातलं साधारण ८० टक्के मैलापाणी म्हणून बाहेर पडतं, आणि वीस हजारांपर्यंतच्या वस्तीला सकाळच्या गर्दीसाठी सरासरीच्या तिप्पट प्रवाह धरायचा. सगळ्यांची अंघोळ-भांडी-मशीन सात ते नऊमध्येच असते ना. आमच्या गल्लीतला पाइप टाकला तेव्हा इथे बैठी घरं आणि दोन-तीन चाळी होत्या, आज दीड हजार फ्लॅट आहेत आणि वर आणखी दोन टॉवरचं काम चालू आहे. त्याच पाइपात.

इथे एक हिशेब मला कुणी आधी सांगितला असता तर बरं झालं असतं असं वाटतं. उतार तोच ठेवून पाइपाचा व्यास दुप्पट केला तर त्यातून दुप्पट पाणी जात नाही, सहापटीपेक्षा जास्त जातं. आणि लाइन टाकायचा मोठा खर्च पाइपाचा कमी आणि खोदाई, खडक फोडणं, बाजूला आधार देणं, रस्ता पूर्ववत करणं याचाच जास्त असतो, आपल्याकडे तर चार फुटांवर काळा पाषाण लागतो. म्हणजे चर एकदा खोदलाच आहे तर थोडा मोठा पाइप टाकणं स्वस्तात पडतं. पण यालाही मर्यादा आहे हे प्रामाणिकपणे सांगायला हवं. पाइप फार मोठा टाकला आणि वस्ती यायला पंधरा वर्षं लागली तर तोपर्यंत तळाला नुसती धार वाहते, सेकंदाला निदान ०.६ मीटर वेग नसेल तर गाळ बसतो आणि मोठा पाइपही चोकअप होतो. म्हणून 'मोठाच टाका' एवढं म्हणून भागत नाही, वस्ती कुठे, किती, कधी येणार हे माहीत असावं लागतं. आणि ते माहीत असणारं खातं आपल्याकडे आहे की, बांधकाम परवानगी देणारं! कुठल्या गट नंबरात किती फ्लॅट मंजूर झाले हे त्यांच्या फायलीत पडलेलं असतं. ती फाइल ड्रेनेजच्या टेबलावर गेली पाहिजे, परवानगी द्यायच्या आधी.

बरं, लाइन नसली तर सोसायट्या काय करतात? बिल्टअप एरिया २० हजार चौरस मीटरच्या वर असेल तर २००६ च्या अधिसूचनेप्रमाणे पर्यावरण मंजुरी लागते आणि तिच्यात स्वतःचा एसटीपी, म्हणजे छोटं मैलाशुद्धीकरण केंद्र, बांधायची अट येते. त्याच्या आतल्यांना सेप्टिक टँक. आमच्या बाजूच्या मोठ्या प्रोजेक्टमध्ये एसटीपी आहे, ताबा देताना बिल्डरने चालू करून दाखवला, फोटो काढले, आणि सहा महिन्यांत त्याचा हवा सोडणारा ब्लोअर बंद पडला. ऑपरेटरचा पगार, लाइट बिल, टाकीतलं फिल्टरचं साहित्य बदलणं हे सगळं सोसायटीवर आलं, लोकांनी मीटिंगमध्ये विचारलं की शुद्ध केलेलं पाणी जातं कुठे, तर बागेला थोडं आणि बाकीचं परत त्याच ओढ्यात, कारण नेऊन सोडायला लाइन नाही. मग चालवायचा कशाला, असं म्हणून बंद. चूक आहेच ती, पण त्या लोकांना मी वाईट म्हणू शकत नाही.

आणि टँकर. एक हजार फ्लॅट, घरात चार माणसं धरली तर चार हजार लोक, वरच्या हिशेबाने दिवसाला चार लाख तीस हजार लिटरच्या आसपास मैलापाणी. दहा हजार लिटरचा टँकर धरला तरी रोज ४३ खेपा. कुठलीही सोसायटी रोज ४३ टँकर भरून देऊ शकत नाही, कुणाकडेच तेवढे पैसे नाहीत आणि तेवढे टँकरही नाहीत. म्हणजे सरळ आहे, बहुतेक पाणी जमिनीत मुरतंय नाहीतर ओढ्याला जातंय. आणि जे थोडे टँकर भरून जातात ते रात्री कुठे रिकामे होतात हे विचारायची आपल्याला हिंमत होत नाही. आमच्याकडे एकदा मी ड्रायव्हरला विचारलं. तो गप्प राहिला, मग म्हणाला, "म्याडम, पावती देऊ का?"

यात एक गोष्ट अशी आहे की जी लिहिताना माझा हात थांबतो. ऑक्टोबर २०२२ मध्ये वाघोलीत एका सोसायटीच्या टाकीत सफाईला उतरलेले तीन कामगार गुदमरून गेले. सुरक्षा साधनांशिवाय माणसाला आत उतरवायला २०१३ च्या कायद्याने बंदी आहे. सुप्रीम कोर्टाने २०१४ ला अशा प्रत्येक मृत्यूला दहा लाख भरपाई ठरवली, ऑक्टोबर २०२३ ला ती तीस लाख केली. पण कायदा गटाराला लागू होतो तसाच सोसायटीच्या टाकीलाही होतो हे किती कमिट्यांना माहीत आहे? आपल्याकडे कुणीतरी म्हणतं, "अरे एक माणूस उतरव, दोन मिनिटांचं काम." हे वाक्य मी आमच्याच मीटिंगमध्ये ऐकलंय. नीट लाइन असती, तीस-तीस मीटरवर मॅनहोल असते, मशीनने साफ होण्यासारखं असतं, तर त्या माणसाला आत जायची वेळच आली नसती. लाइन पुढे ढकलली जाते तेव्हा तिची किंमत अशी कुणीतरी दुसराच देत असतो, आणि तो बहुतेक वेळा त्या सोसायटीत राहतही नाही.

जानेवारी २०२५ सगळ्यांना आठवत असेल. सिंहगड रोडच्या पट्ट्यात, नांदेड, किरकटवाडी, धायरी, खडकवासला या भागात जीबीएस या नसांच्या आजाराचे पेशंट निघायला लागले, चालता-फिरता माणूस दोन दिवसांत पायातली ताकद जाऊन व्हेंटिलेटरवर. पुणे भागातला आकडा पुढे दोनशेच्या वर गेला. बऱ्याच जणांच्या नमुन्यांत कॅम्पिलोबॅक्टर आणि नोरोव्हायरस सापडले, दोन्ही दूषित पाण्या-अन्नातून पोटात जाणारे. आणि या गावांना पाणी येत होतं ते विहिरीतून, फिल्टर न होता, नुसतं क्लोरीन टाकून. मग आठवडाभर सगळीकडे क्लोरीन मोजणं सुरू झालं, आरओ प्लांट बंद केले गेले, पाणी उकळून प्या असं सांगितलं गेलं. सगळं योग्यच. पण मला तेव्हा सारखं वाटत होतं की अरे, आपण सगळे विहिरीच्या तोंडाकडे बघतोय आणि जमिनीखाली हजारो सेप्टिक टँक आणि फुटक्या गल्लीच्या लाइनी झिरपतायत त्याचं काय. विहीर आणि शोषखड्डा एकाच जमिनीत आहेत. नांदेडचा माणूस पाण्याची लाइन मागतो, मागायलाच पाहिजे, पण पाण्याच्या लाइनीबरोबर ड्रेनेजची लाइन आली नाही तर जास्त पाणी म्हणजे जास्त मैलापाणी हा साधा हिशेब आहे. नळाला दुप्पट पाणी आलं की ओढ्यालाही दुप्पट येणार.

कात्रजचा तलाव घ्या. नानासाहेब पेशव्यांच्या काळात, अठराव्या शतकात, कात्रजहून शनिवारवाड्यापर्यंत जमिनीखालून नळ आणला. पंप नाही, मोटर नाही, निव्वळ उतारावर, आणि मध्ये मध्ये हवा जायला उच्छ्वास ठेवले. उताराचं गणित आपल्या लोकांना अडीचशे वर्षांपूर्वी येत होतं, शेवटचं टोक कुठे आणि किती पातळीला हे आधी ठरवून मग वरून पाणी सोडलं. आज त्याच तलावाच्या वर भिलारेवाडी, मांगडेवाडी, गुजर-निंबाळकरवाडी अशी गावं वाढलीत आणि तिथलं सांडपाणी ओढ्यांनी तलावाकडे येतं म्हणून लोक वर्षानुवर्षं तक्रारी करतायत. तलावावर जलपर्णी आली की काढायचं टेंडर निघतं. मूळ दुखणं वरच्या बाजूला आहे आणि त्याचं औषध खालच्या बाजूला आहे, म्हणजे तलावाला वळसा घालून जाणारी मुख्य लाइन.

इथे हद्दीचा मुद्दा येतो. पाण्याला प्रभाग कळत नाही. एका ओढ्याचं खोरं तीन गावांत, दोन प्रभागांत आणि कधी कधी दोन वेगळ्या संस्थांच्या हद्दीत असतं. आपण निधी देतो प्रभागाप्रमाणे, मग प्रत्येक जण आपापल्या गल्लीत पाइप टाकतो कारण तो लोकांना दिसतो, नारळ फोडता येतो, बोर्ड लावता येतो. ओढ्याकाठची मुख्य लाइन कुणाच्याच दारासमोरून जात नाही त्यामुळे तिच्यासाठी कुणी भांडत नाही. म्हणून मला वाटतं, या समाविष्ट गावांचं ड्रेनेजचं बजेट ओढ्याप्रमाणे द्या. एक ओढा, एक आराखडा, एक जबाबदार इंजिनिअर, उगमापासून नदीपर्यंत. आणि आधी पैसे खालच्या टोकाला.

पैसे कुठून आणायचे असं लगेच विचारलं जातं. मान्य आहे, मोठा खर्च आहे. पण या गावांतून बांधकाम परवानग्यांच्या वेळी विकास शुल्क, प्रीमियम घेतलेलंच आहे की, प्रत्येक फ्लॅटच्या किमतीत ते आपण भरलेलं आहे. तो पैसा ज्या खोऱ्यातून आला त्याच खोऱ्याच्या लाइनीला वेगळ्या खात्यात ठेवा एवढं मागणं काही अवास्तव नाही. केंद्राची अमृत २.० योजना आहे, त्यात सांडपाण्याची कामं बसतात. पण बाहेरच्या पैशावर सगळं सोडलं की काय होतं तेही आपण बघितलं. जपानच्या जायका संस्थेबरोबरचा नदीशुद्धीकरणाचा करार जानेवारी २०१६ चा, ९९० कोटींचा प्रकल्प, ११ केंद्रं, रोज ३९ कोटी ६० लाख लिटर क्षमता, आणि प्रत्यक्ष कामाला सुरुवात व्हायला २०२२ उजाडलं. या सहा वर्षांत शहर थांबलं नाही. आणि तो करार झाला तेव्हा ही चौतीस गावं महापालिकेच्या हद्दीतच नव्हती. प्रकल्प हवाच होता, माझा त्याला विरोध नाही, पण आराखडा करायचा जुन्या शहराचा आणि तो पूर्ण व्हायचा नव्या शहरात, हे असंच चालत राहिलं तर आपण कायम एक पाऊल मागे.

माझी सगळ्यात आग्रहाची मागणी मात्र भोगवटा पत्राबद्दल, म्हणजे ओसीबद्दल आहे. मुख्य लाइनीला प्रत्यक्ष जोडणी झाल्याशिवाय मोठ्या प्रोजेक्टला ओसी देऊ नका. 'भविष्यात लाइन आल्यावर जोडू' असं हमीपत्र चालवून घेऊ नका. बिल्डर म्हणतील घरं महाग होतील, ताबा लांबेल. लांबू दे. आज घर स्वस्त दिसतं आणि मग वीस वर्षं टँकर, एसटीपी, जेटिंग, औषधपाणी यात तेच पैसे जातात, फक्त बिल्डरऐवजी आमच्या खिशातून. आणि बिल्डरच्या गळ्याशी आलं की तोच लाइनीसाठी पाठपुरावा करायला लागेल, त्याची ओळख आमच्यापेक्षा जास्त वरपर्यंत असते. ज्यांनी आधी घरं घेऊन ठेवलीत, भाडं आणि हप्ता दोन्ही भरतायत, त्यांचा राग माझ्यावर येईल हे मला कळतं, माझी बहीणच त्यात आहे. पण अट आत्तापासून नव्या परवानग्यांना लावली तर कुणाची फसवणूक होत नाही.

आणि हे आपल्याकडे कधी झालंच नाही असं नाही. पिंपरी-चिंचवडचं नवनगर प्राधिकरण १९७२ चं, निगडीकडे सेक्टर पाडले, रस्ते-ड्रेनेज आखले आणि मग प्लॉट दिले, आज तिथे जाऊन बघा आणि मग शेजारच्या आपोआप वाढलेल्या भागात जाऊन बघा. सिडकोने नवी मुंबईचे नोड असेच केले. त्यातही चुका झाल्या असतील, शेतकऱ्यांच्या मोबदल्याचे प्रश्न तर अजून संपलेले नाहीत, तो भाग मी झाकत नाही. पण क्रम बरोबर होता. आज शेतकऱ्याची जमीन पूर्ण न घेता टीपी स्कीम, म्हणजे नगररचना योजना, करता येते, सगळ्यांनी मिळून थोडी थोडी जागा सोडायची, त्यातून रस्ता निघतो, रस्त्याखाली लाइन जाते आणि प्रत्येकाला नीट आकाराचा प्लॉट परत मिळतो.

जागेवरनं आठवलं. आपलीही एक बाजू आहे. आमच्या भागात शुद्धीकरण केंद्राच्या जागेची नुसती चर्चा सुरू झाली तर सोसायट्यांच्या ग्रुपवर दोन दिवसांत सह्यांची मोहीम, वास येईल, डास होतील, फ्लॅटचे रेट पडतील. मीही तेव्हा सही केली होती. आज मी ती सही केली नसती. वास तर आजही येतोच, ओढ्याला, रोज संध्याकाळी, खिडक्या लावून बसतो आपण. झाकलेलं, नीट चालवलेलं केंद्र उघड्या ओढ्यापेक्षा कमी त्रासाचं असतं. केंद्र हे शेवटी खालच्या अंगालाच लागणार, पाणी जिथे आपणहून जातं तिथे, ते आपल्या सोयीने डोंगरावर नेता येत नाही. त्या खालच्या अंगाला ज्यांची शेतं आहेत त्यांना मोबदला वेळेवर आणि पुरेसा द्या, पैशाऐवजी टीडीआरच, म्हणजे दुसरीकडे वापरता येणारा बांधकामाचा हक्कच, घ्या असं न म्हणता रोख पाहिजे असेल तर रोख द्या, म्हणजे निम्मी अडचण तिथेच सुटेल.

मुख्य लाइन यायला पाच-सात वर्षं लागणार, तोपर्यंत काय, हा प्रश्न खरा आहे. यासाठी वाई आणि सिन्नरकडे बघावं असं मला वाटतं. लहान शहरं आहेत, पण तिथे सेप्टिक टँक तुंबायची वाट न बघता वेळापत्रकाने, पाळीपाळीने प्रत्येक घरचा टँक उपसतात आणि तो गाळ त्यासाठीच बांधलेल्या केंद्रात नेतात. घरमालकाने फोन करून घासाघीस करायची गरज नाही, पैसे करातून. आमच्या गावांना हे उद्यापासून करता येण्यासारखं आहे. टँकरला जीपीएस लावा, कुठे रिकामा होतो ते बघा. मिळकत करावरून गावागावांत इतके वाद झाले, लोक म्हणतात सुविधा नाही तर कर कसला, मग निदान ही एक सुविधा दारात आणून दाखवा. पण हे मधल्या काळापुरतं. याला कायमचं उत्तर समजून मुख्य लाइन गुंडाळून ठेवली तर पुन्हा तिथेच येऊ.

मुळा-मुठेच्या काठाचं ४४ किलोमीटरचं सुशोभीकरण चालू आहे, मार्च २०२२ मध्ये भूमिपूजन झालं. काठावर फिरायला मलाही आवडेल. पण नदी काठावर बनत नाही, ती या ओढ्यांतून येते, आणि ओढा वरच्या गावात काळा झालेला असेल तर खाली दगडी पायऱ्या बांधून पाणी बदलत नाही. पुढे हेच पाणी मुळा-मुठेतून भीमेत आणि भीमेतून उजनीत जातं. उजनीचं पाणी सोलापूर पितं. आमच्या करंजाखालच्या त्या पाइपाचं दुसरं टोक सोलापुरात कुणाच्यातरी स्वयंपाकघरात आहे, हे मला त्या दिवशी ओढ्याकाठी उभं राहून पहिल्यांदा नीट समजलं.

परवा आमच्या गल्लीत ठेकेदाराची माणसं आली, चुन्याच्या रेघा मारल्या, कडेला नवीन पाइप आणून टाकलेत. सोसायटीच्या ग्रुपवर आनंदीआनंद, कुणीतरी पेढ्यांचे फोटो टाकले. मी खाली जाऊन सुपरवायझरला विचारलं, दादा, ही लाइन पुढे कुठे जोडणार? तो म्हणाला, "आत्ता जुन्याच लाइनीला, मॅडम. ओढ्याकडची मोठी लाइन अजून मंजूर नाही." तिची पातळी किती असेल ते माहीत आहे का म्हटलं, तर मान हलवली.

रात्री मी पत्र लिहिलं. आमच्या गल्लीचं काम सध्या थांबवा, हेच पैसे आणि हीच माणसं आधी ओढ्याच्या खालच्या टोकाला लावा, मुख्य लाइनीची पातळी ठरू द्या, आमचा नंबर शेवटी आला तरी चालेल, तोपर्यंत टाकी वेळेवर उपसून न्यायची तेवढी सोय करा. सह्यांसाठी कागद घेऊन दोन दिवस जिने चढतेय. एकशे बारा फ्लॅटपैकी आत्तापर्यंत एकोणीस सह्या झाल्यात. तिसऱ्या मजल्यावरच्या आजोबांनी सही करताना विचारलं, "म्हणजे अजून पाच वर्षं?" मी हो म्हटलं. त्यांनी तरीही केली.